कोपऱ्यावरची ओ

सव्होना, ३ मार्च २०१२

मेव्हण्या डेल्मो,

माझा जबडा तारांनी आवळून टाकलाय, त्यामुळे फोनवर बोलायची सोय उरली नाही. म्हणून नर्सकडून कागद मागून घेतला. शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. इल्दाला सांग, भाऊ आजारी म्हणून रॅव्हिओली करून पाठवू नको. नळीतून रॅव्हिओली जात नाही. पातळ सूप पाठवलं तर चालेल, आणि तेही गाळून.

ठाणेदाराला जे सांगितलं तेच तुला सांगतो. भर दुपारी, भंगारवाल्या रास्तेल्लीची माणसं जेवायला गेली होती. मी आपल्या फिल्मच्या कारखान्यात राखणीची फेरी मारत अंधारखात्यात शिरलो. वीज तोडलेली, खिडक्या तर आपल्या जन्माआधीच विटांनी बुजवलेल्या. खिशात विजेरी होती, पण तुला माहीत आहे, तिथे विजेरी लावायला हात धजावत नाही. फिल्म गेली, पगार गेला, तरी आत दिवा लावायचा म्हटलं की उजेडाने फिल्म नासेल असंच वाटतं. लेप लावायच्या धाकट्या यंत्रापाशी कुणीतरी लोखंडाने माझ्यावर घाव घातले. एक खांद्यावर, एक जबड्यावर, एक डोळ्यावर. दात गिळले का थुंकले ते आठवत नाही. मी फरशीवर पडलो, रक्त नाकातोंडात जात होतं, आणि जवळच कुणीतरी पान्याने शांतपणे बोल्ट सोडवत होतं. मग पावलं गेली. नंतर कुणीतरी नाव न सांगता रुग्णवाहिका बोलावली.

रास्तेल्ली सांगत होता की धाकटीचा ओठ चोरीला गेलाय. बरोबर चोरलाय. लेप ज्या फटीतून फिल्मवर उतरतो ती फटच नाही, तर बाकीचं धूड काय चाटायचंय? आणि ठाणेदार म्हणाला की कोर्टाने तुमच्या जुन्या कामगारांच्या सहकारी संस्थेला महिनाअखेरपर्यंत धाकटी उचलून न्यायची मुभा दिलीय, पण सभासदांपैकी एकानेही आत दांडगाई केली तर मुभा रद्द, आणि यंत्र भंगारात. हे सांगताना तो माझ्याकडे बघत होता. मी एका डोळ्याने छताकडे बघत होतो.

गावात मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. म्हणोत बापडे. रास्तेल्लीची राखण मी केली नसती तर दुसऱ्या कुणी केली असती.

तुला काही अंदाज आहे का, कोण असेल?

एर्मेते

*

वाल्सेरा, ८ मार्च

एर्मेते,

तुझं पत्र इल्दाने मोठ्याने वाचलं आणि मग ती भांडी आपटत बसली. सूप पाठवतोय. गाळलंय.

कोण असणार? तांब्याच्या तारा ओरबाडणारी टोळी, दुसरं कोण! गेल्या महिन्यात त्यांनी पंपघरातल्या केबली उपटल्या, कुत्र्याचं डोकं फोडलं. सापडू दे एकजण, त्याची बोटं दारात घालून दार लावतो की नाही बघ. तू काळजी करू नकोस.

इकडे मंगळवारी थोरलं यंत्र कापलं. तू बघितलं नाहीस ते बरं झालं. गॅसच्या ज्वाळेने तिचे रोलर एकेक करून पाडले. प्रत्येक रोलर पडला की आमच्या स्वयंपाकघरातली कप हलायचे. ज्या थोरलीने रोममधल्या सिनेमावाल्यांना वर्षानुवर्षं फिल्म पुरवली, एक्स-रेची फिल्म पुरवली, आपल्या लग्नाचे फोटो काढले, तिचे तुकडे ट्रकमध्ये फेकताना रास्तेल्लीचा मुकादम शीळ घालत होता. संध्याकाळी बारमध्ये तो म्हणाला, "लोकांच्या फोनात कॅमेरे आले, आणि तुम्ही म्हातारे अजून चिकट लापशी ढवळत बसलात." आमच्या संस्थेतल्या बाल्बीने त्याच्या तोंडावर ग्लास फोडला. मग खुर्च्या उडाल्या. माझ्या भुवईला दोन टाके पडले आणि मुकादमाच्या कानाचा एक तुकडा बारवालीला केरात सापडला. बरं वाटलं, खोटं का बोलू.

पण मला एक कळत नाही. तू एवढा जुना माणूस, कुणी येतंय हे कळल्यावर तिथे असा मुक्यासारखा उभा का राहिलास?

लवकर बरा हो. इल्दा रोज मेणबत्ती लावते.

डेल्मो

*

सव्होना, १३ मार्च

डेल्मो,

काल डावा डोळा काढून टाकला. डॉक्टरीण बाई चांगली आहे. म्हणाली, ठेवला असता तर दुसराही गेला असता. खोबणीत कापूस कोंबलाय. खोकला आला की तारांतून थुंकी आणि रक्त उडतं, आणि शेजारच्या खाटेवरचा म्हातारा पांघरूण डोक्यावरून घेतो.

तुझं पत्र उरलेल्या डोळ्याने पुन्हा पुन्हा वाचलं. मी मुक्यासारखा उभा होतो हे तुला कुणी सांगितलं? मी लिहिलं नव्हतं. ठाणेदाराला सांगितलं नव्हतं. ते तिथे असलेल्या माणसालाच ठाऊक.

चोराच्या उलट्या बोंबा कशाला? तू आलास तेव्हाच मी तुला ओळखलं होतं. पहिल्या कोपऱ्यावर हाक आली, "मीठ!" दुसऱ्या कोपऱ्यावर, "मीठ!" कारखाना मेला, माणसं गेली, छप्पर गळतंय, आणि तू चोरी करायला येताना कोपऱ्याकोपऱ्यावर हाक मारत येतोस! सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तांबंचोर कधी हाक मारेल का रे, गाढवा?

आपण दोघं एकाच दिवशी अंधारखात्यात लागलो. म्हाताऱ्या क्विंतोने आपल्याला दारातच उभं करून हाका वाटल्या होत्या, अंधारात टक्कर होऊ नये म्हणून. तुला मीठ, मला तेल. सगळा जन्म आपण एकमेकांचं तोंड न बघता त्या खात्यात काम केलं. तुझं तोंड बघावं असं होतं कुठे म्हणा. पण तुझी हाक मला माझ्या बायकोच्या आवाजाआधी ओळखू येते, देव तिच्या आत्म्याला शांती देवो.

सोमवारी ठाणेदार जबाब घ्यायला येतोय. नाव घेतलं की तू तुरुंगात, आणि धाकटी भट्टीत. तुमची संस्था, बाल्बीची गहाण टाकलेली शेतं, सगळं खलास. नाव घ्यावं असं मला फार वाटतंय. डोळ्याच्या जागी ठणका लागतो तेव्हा तर फारच वाटतं.

एवढंच सांग. ते मला माराय‌चं म्हणून मारलंस, की नुसतं वाटेत आलं त्याला मारलंस? सोमवारच्या आत कळव.

एर्मेते

*

वाल्सेरा, १८ मार्च

एर्मे,

तुझी बहीण लिहितेय. तुझं पत्र डेल्मोने मला वाचू दिलं नाही. खिशात घातलं आणि अंगणात जाऊन लाकडं फोडत बसला, तीही आधी फोडलेलीच. तुमचं काय बिनसलंय ते मला कुणी सांगत नाही. मला वाटतं, राखणीची नोकरी धरल्याची तुला लाज वाटतेय आणि तू त्याच्यावर काढतोयस. तसं असेल तर सोड. तो तुझ्यावर रागावलेला नाही. झोपेत तुझं नाव घेतो.

परवा रास्तेल्लीची तीन माणसं आमच्या गोठ्याशी आली. एकाच्या कानाला पट्टी होती. ओठ कुठे आहे, विचारत होती. हा म्हणाला, "ओठ माझ्या तोंडाला आहेत, हवे तर मुका घ्या." तेव्हा त्यांनी त्याचा उजवा हात चौकटीत धरला आणि दार लाथेने बंद केलं. एर्मे, हाडं मोडल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात आला, सुक्या काटक्यांसारखा. मी उकळत्या पाण्याचं भांडं घेऊन धावले आणि पट्टीवाल्याच्या पाठीवर ओतलं. तो गाढवासारखा ओरडत ओढ्यात जाऊन बसला. तरी जाता जाता त्यांनी गाडीला काडी लावलीच.

डेल्मोने तोंडातून अक्षर काढलं नाही. काय दडवलंय ते मला मग कळलं. पलंगाखाली, माझ्या लग्नातल्या चादरीत गुंडाळलेलं, हाताएवढं लांब, पोलादाचं. मला आधी वाटलं, कुणाचं मेलेलं मूल आहे की काय. चादरीला वाळलेलं रक्त लागलंय. डेल्मो म्हणतो, भुवईचं. भुवईचं एवढं रक्त निघतं का?

आज रविवार. तुझा ठाणेदार उद्या येणार म्हणे. जे सांगशील ते जपून सांग. माझी माणसं आता दोनच उरली आहेत.

इल्दा

*

वाल्सेरा, १९ मार्च

एर्मेते,

हे डाव्या हाताने लिहितोय, म्हणून कोंबडी नाचल्यासारखं दिसतंय. तू म्हणालास सोमवारच्या आत, पण शनिवारपर्यंत हाताला प्लास्टर घालण्यातच वेळ गेला, आणि धीरही होत नव्हता. आज सोमवारच आहे. तुझा ठाणेदार बहुतेक तुझ्या खाटेशी बसलाही असेल. म्हणजे हे पत्र मी जीव वाचवायला लिहीत नाही, एवढं तरी तुला पटेल.

मी ओठ काढून न्यायला आलो होतो. मुदत महिनाअखेरची, पण रास्तेल्ली कोर्टाला जुमानणार नव्हता. दुसऱ्या दिवशी धाकटीवर ज्वाळा चालवणार हे बाल्बीला कळलं होतं. तू राखणीवर असशील हे मला माहीत होतं. वाटलं, जेवायला गेला असशील.

हाक तोंडातून गेली. पहिली गेली ती मलाच ऐकू आली आणि मी स्वतःला शिवी घातली. दुसऱ्या कोपऱ्यावर पुन्हा गेली. मग श्वास ऐकू आला. मी थांबलो. तिसऱ्यांदा मुद्दाम हाक मारली, हळूच. ती तू ऐकलीस की नाही ते मला माहीत नाही. ओ आली नाही. क्विंतोने काय शिकवलं होतं? जो ओ देत नाही तो आपला नाही. मी पाना उगारला आणि खांदा लागला. दुसऱ्यांदा मारला तो जबड्यावर बसला, आणि तू ओरडलास. तेव्हा कळलं की तू आहेस.

तिसरा घाव मी कळल्यावर मारला.

आता हे इल्दाला वाच, ठाणेदाराला दे, पाद्र्याला दे. त्या क्षणी मला ज्वाळेची वाट बघत उभी असलेली थोरली दिसली, दाराशी लागलेले ट्रक दिसले, आणि तू त्या हरामखोराचा खाकी अंगरखा घालून आपल्या दाराशी उभा दिसलास. अंधारात कुठला अंगरखा दिसतोय म्हणा, पण मला दिसला. माझ्या हातात पाना होता आणि मी मारला. मग तू कण्हत होतास तरी मी बोल्ट सोडवले. एकही झिजू दिला नाही. हात थरथरला नाही याचीच मला आता भीती वाटते. बाहेर आल्यावर बारच्या फोनवरून रुग्णवाहिका बोलावली आणि कारंज्यात हात धुतले.

माफी मागत नाही. डोळ्याची माफी कुठल्या तोंडाने मागू? पण आता तूही सांग. माझी हाक तुला बायकोच्या आवाजाआधी ओळखू येते म्हणतोस. मग ओ का दिली नाहीस? एक शब्द. "तेल." एवढं म्हटलं असतंस तर मी पाना खाली टाकला असता आणि तुझ्या गळ्यात पडून शिव्या घातल्या असत्या.

डेल्मो

*

सव्होना, २६ मार्च

डेल्मो,

ठाणेदार तुझ्या पत्राच्या आधी येऊन गेला. त्याने विचारलं, "मारणाऱ्याला पाहिलंस का?" मी लिहून दिलं, "अंधारात काय दिसणार?" त्याने पुन्हा विचारलं, काहीतरी पाहिलं असशीलच. मी पुन्हा तेच लिहिलं. सही केली. काय पाहिलंस, एवढंच तो विचारत राहिला. काय ऐकलंस, हे विचारायला अंधारखात्यातला माणूस लागतो, आणि असली माणसं पोलिसात जात नाहीत. तेव्हा घेऊन जा तुमची धाकटी. पण हे तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. क्विंतोसाठी केलं, आणि इल्दाच्या चादरीसाठी.

ओ का दिली नाही ते आता ऐक. तिसरी हाक मी ऐकली होती. माझ्याही हातात लोखंड होतं. फिल्मच्या गुंडाळीची सळई, भिंतीशी पडली होती ती. पहिल्या हाकेलाच मी ती उचलली. गावात कुणी मला नमस्कार करत नव्हतं. बाल्बी मला बघून रस्त्यापलीकडे थुंकला. इल्दाच्या घरी नाताळला मला बोलावणं आलं नाही; ती म्हणाली की डेल्मोची तब्येत बरी नाही. तुझी तब्येत ठणठणीत होती, तुला मी चौकात पाहिलं. तू हाक मारत येत होतास, आनंदात, घर आपलंच असल्यासारखा, आणि मला वाटलं, ये, आता तुझं टाळकंच फोडतो. ओ दिली असती तर मारता आलं नसतं. म्हणून गप्प राहिलो. तुझा घाव आधी बसला, एवढाच फरक.

म्हणून तुझ्या पहिल्या दोन घावांना मी माफ करतो. ते माझ्याच मुकेपणाला बसले. तिसऱ्याला माफ करत नाही. तो तू मला मारलास, आणि तो माझा तुझ्याकडे राहिला.

मी सव्होनातच चुलतबहिणीकडे राहणार आहे. पत्र लिहू नकोस. जबडा सुटला तरी मी बोलणार नाही.

एर्मेते

*

वाल्सेरा, २ डिसेंबर

एर्मेते,

लिहू नकोस म्हणालास, तरी लिहितोय. धाकटी जुन्या प्रयोगशाळेत उभी राहिली. मार्च संपायच्या आत आम्ही म्हातारे तिला खांद्यावरून, बैलांसारखं ओढत, एकेक भाग करून घेऊन गेलो, आणि मग उन्हाळाभर जोडत बसलो. बाल्बीचा पाय तिच्या चौकटीखाली सापडला, दोन बोटं गेली. उरलेला कारखाना सुरुंग लावून पाडला. आता घरातून थेट डोंगर दिसतो आणि इल्दाला ते आवडत नाही. जगात कुठेकुठे पोरं अजून फिल्म मागतात म्हणे, फोन खिशात असून. त्यांना काय वेड लागलंय देव जाणे, पण त्यांनी आगाऊ मागणी नोंदवली आहे.

तेरा तारखेला, डोळे सांभाळणाऱ्या सांता लुचियाच्या दिवशी, पहिला लेप लावायचा आहे. लेपाची जाडी बोटाने ओळखणारे आपण दोघंच उरलोत, आणि माझा उजवा हात दार लागल्यापासून बधिर आहे. तू आला नाहीस तर लेप बिघडेल.

आत आलास तर तुझी हाक विसरू नकोस.

डेल्मो

*

सव्होना, हॉस्पिटल, १६ डिसेंबर

मेव्हण्या एर्मेते,

जबडा बांधलाय, फोनवर बोलता येत नाही, म्हणून नर्सकडून कागद मागून घेतला. ती म्हणते, याच खोलीत मार्चमध्ये तुमच्याच गावचा एक खडूस माणूस होता.

तू आलास ते कुणी मला सांगितलं नव्हतं. धाकटी चालू झाली होती, फिल्म सरकत होती, आणि मी कोपऱ्यावर आलो. "मीठ!" म्हणालो. काहीच आलं नाही. हातात काही नव्हतं. मी पुन्हा म्हणालो, "मीठ." आणि अगदी नाकासमोरून आवाज आला, "तेल."

आणि मग तुझी मूठ आली.

समोरचे चार दात आणि डावीकडचं हाड. डॉक्टरीण म्हणाली, कशाने मारलं? मी लिहून दिलं, अंधारात काय दिसणार.

तिथे दिवा लावता येत नव्हता, नाहीतर सगळी फिल्म गेली असती. बाल्बी ओरडला, काय पडलं रे? तू म्हणालास, काही नाही, डेल्मो पडला, काम चालू ठेवा. मी दात गालात धरले, रक्त गिळलं, कारण एक थेंब लेपात पडला तर सारं फुकट, आणि तुझ्या शेजारी उभा राहिलो. तू कडेला बोट लावून "जाड" म्हणायचास, मी डाव्या हाताने चक्र फिरवायचो. तू "पातळ" म्हणायचास, मी उलटं फिरवायचो. शेवटापर्यंत आपण दुसरं काही बोललो नाही. फिल्म संपल्यावर दारं उघडली, तेव्हा माझा सदरा बघून इल्दाने तुझ्या कानाखाली जाळ काढला. तो आवाज ऐकून मला फार बरं वाटलं.

रीतसर मारलंस. आधी ओ दिलीस, मग मारलंस. क्विंतो असता तर त्याने काही म्हटलं नसतं.

सोबत फोटो पाठवतोय. आपल्या फिल्मवरचा पहिलाच. इल्दाने माझं तोंड टिपलंय, भोपळ्याएवढं सुजलेलं. दाणा बारीक आहे, काळा चांगला काळा आलाय, कडेला एक ओरखडासुद्धा नाही. चांगल्या डोळ्याने बघ.

आणि सूप पाठव. गाळून.

डेल्मो